मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, उड्डाणाचे तास आणि घर ते घर लागणारा खरा वेळ

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे, असं शोधलं की कुठे १२,५४० दिसतं, कुठे ७,७९०, कुठे ६,७७०. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरचा, दुसरा साध्या मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा. वेळेचंही तसंच. कुणी चौदा तास सांगतं, कुणी सोळा, आणि पुण्याहून मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेल्या आईबाबांना प्रत्यक्षात सत्तावीस तास लागतात. यात कुणी खोटं बोलत नाही, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन हिशोब वेगळे ठेवावेत: दोन विमानतळांमधलं अंतर, विमानाचा वेळ, आणि घराच्या दारापासून दारापर्यंतचा वेळ. इथे मुंबई ते न्यूयॉर्क हा मार्ग घेतला आहे, पण पद्धत कुठल्याही दोन दूरच्या शहरांना चालते.

पायरी १: अंतर काढा, पण सपाट नकाशावर नको

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडलं तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडते. या रेघेवरून उडायचं तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वांत जवळची वाट ही नव्हे. ती मुंबईतून वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे झुकून निघते: कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राचं उत्तर टोक, मॉस्को, हेलसिंकी, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर किनारा, मेन राज्य आणि मग न्यूयॉर्क. ही वाट जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते, आणि तरीही सपाट नकाशावरच्या रेघेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटरने कमी आहे. विमानातल्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा वाकडा दिसतो तो यामुळे. वाकडा नकाशा आहे, मार्ग नाही.

पटत नसेल तर घरातला पृथ्वीगोल घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे १ सेंटिमीटरला जवळपास ४२५ किलोमीटर. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि त्याची लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटर भरते. गुणाकार करून पाहा.

हिशोबाने काढायचं असेल तर वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. मग,

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.२१३
दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: उणे ०.५९९
बेरीज: उणे ०.३८६
याचा व्यस्त कोसाइन: ११२.७ अंश

एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३२ किलोमीटर येतात. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, तो फरक धरणाऱ्या अचूक पद्धतीने १२,५४० च्या आसपास येतात. आठ-दहा किलोमीटरचा हा फरक प्रवाशाने सोडून द्यावा. याच ११२.७ ला ६० ने गुणलं की सागरी मैल मिळतात, कारण एक सागरी मैल म्हणजे मुळात पृथ्वीवरचा एका अंशाचा साठावा भाग.

इथे नेहमी होणाऱ्या चुका तीन. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो आणि उत्तर भलतंच येतं. रेखांश मिळवायच्या ऐवजी वजा केले जातात, आणि मग ०.९१ अंशाचा फरक धरल्यामुळे न्यूयॉर्क अफगाणिस्तानाच्या उत्तरेला येऊन बसतं. तिसरी चूक एककांची: साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. एअरलाइनचे मायलेज पॉइंट अंतरावर मिळत असतील तर ते साध्या मैलांवर असतात, वैमानिक सागरी मैलांत बोलतात. एवढा खटाटोप नको असेल तर गूगल अर्थमधली मोजपट्टी हेच गोलावरचं अंतर देते.

अंतरं कधीही सरळ जोडू नका. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ४,१५० किलोमीटर आहे, म्हणून मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १६,७०० असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते सुमारे १३,५०० आहे, कारण मुंबईहून तिकडची सर्वांत जवळची वाट सायबेरियाच्या उत्तरेकडून, आर्क्टिकवरून जाते. न्यूयॉर्कपेक्षा हजारभर किलोमीटरच जास्त. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या मुलाकडे "आधी न्यूयॉर्क, मग पुढे" असं तिकीट काढणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

पायरी २: विमान खरोखर कुठून जातं ते धरा

गोलावरची सर्वांत जवळची वाट कागदावर राहते, कारण मध्ये देशांच्या हवाई हद्दी आहेत. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने हद्द बंद केली ती त्या वर्षीच्या जुलैच्या मध्यात पूर्ण उघडली. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाली आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. भारतीय कंपन्यांवर ती बंदी नाही. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

मुंबईला एक फायदा आहे. इथून विमान थेट अरबी समुद्रावर जातं, त्यामुळे पाकिस्तान बंद असला की दिल्लीला जेवढा वळसा पडतो तेवढा मुंबईला पडत नाही. आखाताकडून गेलं तर किती वाढतं? मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर आणि दुबई ते न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर, एकूण १२,९५०. थेट वाटेपेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे अर्ध्या तासाचं उड्डाण. पुढचे सगळे हिशोब या १२,९५० वर करू, कारण ते वास्तवाला जास्त धरून आहे.

आखातात किंवा इराणच्या बाजूला तणाव वाढला की मात्र मुंबईचाही मार्ग दक्षिणेकडे ढकलला जातो. मग वेळ वाढतोच, आणि वारा फार विरोधात असेल तर युरोपात इंधन भरायला उतरावं लागू शकतं. असा थांबा साधारण तास-दीड तासाचा, प्रवासी बहुधा विमानातच बसून राहतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण पुढचं विमान पकडायचं असेल तर तो तास-दीड तास आधीच हाताशी ठेवलेला असावा.

पायरी ३: अंतराचे तास करा

बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० ही लांब पल्ल्याची विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५५ अंशांच्या आसपास थंड असते आणि तिथे ध्वनीचा वेगही कमी असतो, त्यामुळे हा वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. हा वेग हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या नव्हे. नवख्या माणसाचा हिशोब नेमका इथे फसतो.

उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात ते ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातात. ९ फेब्रुवारी २०२० ला याच वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. अमेरिकेला जाताना हे वारे तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. पूर्ण मार्गाची सरासरी काढली तर ताशी ५० किलोमीटर धरायला हरकत नाही:

जाताना: ९०० मधून ५० वजा, ८५०. १२,९५० ला ८५० ने भागलं की १५ तास १४ मिनिटं.
येताना: ९०० अधिक ५०, ९५०. १३ तास ३८ मिनिटं.

यात धावपट्टीपर्यंत हळू चालत जाणं, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, आणि उतरून दाराशी लागणं यांची ३५ मिनिटं मिळवा. जाताना १५ तास ५० मिनिटांच्या जवळपास, येताना १४ तास १५ मिनिटांच्या जवळपास. थेट उड्डाणांची वेळापत्रकं याच पट्ट्यात असतात. जाताना साडेपंधरा ते साडेसोळा आणि येताना चौदा ते पंधरा असं मनात ठेवा.

अंतर सांगणारी बहुतेक साधनं "सुमारे १४ तास" लिहितात. ती फक्त १२,५४० ला ९०० ने भागतात. वारा नाही, वळसा नाही, धावपट्टी नाही. त्या आकड्यावर कुणाला विमानतळावर बोलावू नका.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे तुमच्याच उड्डाणाचा मागचा इतिहास पाहणं. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते कधी सुटलं आणि कधी उतरलं ते दिसतं. सात दिवसांचे आकडे कागदावर उतरवा. सरासरीकडे कमी आणि सर्वांत उशिराच्या दिवसाकडे जास्त लक्ष द्या, कारण पुढच्या विमानाचं नियोजन त्यावर करायचं आहे. एक जपा: यातली काही साधनं फक्त हवेतला वेळ दाखवतात आणि तिकिटावर दारापासून दारापर्यंतचा वेळ असतो. दोन्हींत अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

पायरी ४: घड्याळाचा गुंता सोडवा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते, याला अपवाद नाही. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणून फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास.

उदाहरण घ्या. १५ जानेवारी, मुंबईहून पहाटे २:०० ला सुटणारं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:०० ला पोहोचणारं विमान. तिकीट पाहून पाच तासांचा प्रवास वाटतो. पश्चिमेकडे जाताना दिसणाऱ्या फरकात साडेदहा मिळवायचे: पाच अधिक साडेदहा, साडेपंधरा तास. परतीला उलट. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला सुटून मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:१५ ला पोहोचणारं विमान तिकिटावर २४ तास ४५ मिनिटांचं दिसतं. साडेदहा वजा केले की १४ तास १५ मिनिटं. पोहोचण्याच्या वेळेपुढे "+१" असेल तर दुसरा दिवस आणि "+२" असेल तर तिसरा.

मध्ये थांबा असेल आणि तीन-तीन वेळा डोक्यात बसत नसतील तर सगळ्या वेळा आधी जागतिक वेळेत करून घ्या. मुंबईची १५ जानेवारीची पहाटे २:०० म्हणजे जागतिक वेळेत १४ तारखेची रात्री ८:३०. न्यूयॉर्कची सकाळी ७:०० म्हणजे १५ तारखेची दुपारी १२:००. मधलं अंतर साडेपंधरा तास. गल्लत व्हायला जागाच राहत नाही.

घड्याळ बदलण्याचे दिवस लक्षात ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये हे दिवस ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात मात्र मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, म्हणजे २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. मार्चमधल्या त्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला फरक पाचऐवजी चार तास असतो. भारत, दुबई, दोहा इथे घड्याळ कधीच बदलत नाही.

आता या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ जानेवारी, ००:४५" असेल तर विमानतळावर १४ तारखेला रात्री नऊ-साडेनऊला पोहोचायचं असतं. १५ च्या रात्री गेलात तर विमान वीस तासांपूर्वीच गेलेलं असतं आणि तिकीटही बहुधा हातचं जातं. म्हणून कॅलेंडरवर उड्डाणाची तारीख लिहूच नका. "१४ जानेवारी, बुधवार, संध्याकाळी अमुक वाजता घर सोडणं" असं लिहा, आणि सोडायला येणाऱ्यालाही तेच सांगा.

पायरी ५: थेट जायचं की थांबा घ्यायचा

थांबा घेतला की अंतर खूप वाढतं, असा समज आहे. तपासून पाहा. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७५० किलोमीटर. दुबईमार्गे १२,९५०. थेट १२,५४० च्या तुलनेत ही वाढ दोन-तीन टक्क्यांची, कारण ही शहरं वाटेच्या जवळ आहेत. वेळ खातो तो मधला मुक्काम. दुबईमार्गे ढोबळ हिशोब असा: सव्वातीन तास, मग तीन तासांचा थांबा, मग सव्वाचौदा तास, एकूण साडेवीस. थेट विमानापेक्षा पावणेपाच तास जास्त. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे तिकीट कधी स्वस्त दिसतं, पण तिथे मुळात उलट्या दिशेला जाऊन परत फिरायचं असतं. या मार्गासाठी ते घेऊ नये.

थांबा किती असावा? दीड तास कमी. मुंबईहून विमान चाळीस मिनिटं उशिरा निघालं, तिकडे बसने टर्मिनल बदलावं लागलं आणि सुरक्षा तपासणीची रांग लागली, की संपलं. लंडनच्या हीथ्रोवर टर्मिनल बदलताना बस आणि पुन्हा तपासणी ठरलेलीच. अडीच ते चार तासांचा थांबा सर्वांत योग्य. सहा तासांच्या पुढे शरीर थकतं आणि ज्येष्ठांचे पाय सुजतात.

अबुधाबीचं एक वैशिष्ट्य माहीत असायला हवं. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच होतं, आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. उतरल्यावरचा वेळ वाचतो, पण तोच वेळ अबुधाबीत द्यावा लागतो. म्हणून तिथला थांबा तीन तासांहून कमी घेऊ नका.

न्यूयॉर्कला उतरून पुढे डॅलस, शिकागो असं जायचं असेल तर नियम वेगळा. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. मुंबईत बॅगेवर "डॅलस"ची चिठ्ठी लागली असली तरीही. अशा ठिकाणी तीन तास ठेवा, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी साडेतीन.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असणं फार महत्त्वाचं आहे. एका तिकिटावर असताना पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय एअरलाइनला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, आणि मधल्या देशात बॅगा घ्यायला बाहेर पडावं लागलं तर त्या देशाचा व्हिसाही लागतो. चार-पाच हजार रुपयांसाठी हा धोका घेऊ नये, आईवडिलांच्या तिकिटावर तर मुळीच नाही. ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी वैध अमेरिकन व्हिसा असला की सूट मिळते, म्हणून जाताना अडत नाही, पण अमेरिकेत असताना व्हिसाची मुदत संपली तर परतीला तीच सूट लागू होईलच असं नाही. जाण्याचा आणि येण्याचा नियम वेगवेगळा तपासा.

सत्तरीच्या पुढच्या, इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या किंवा गुडघेदुखी असलेल्या माणसांसाठी थेट विमान घ्यावं, हे आमचं ठाम मत आहे. सोळा तास बसणं कठीण आहे, पण दर दोन तासांनी उठून चार फेऱ्या मारल्या तर ते निभतं. परक्या विमानतळावर रात्री तीन वाजता दार क्रमांक शोधणं त्याहून कठीण. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. उतरल्यावर ती यायला वेळ लागतो, तेव्हा घ्यायला येणाऱ्याने अर्धा तास जास्त धरावा.

पायरी ६: घर ते घर हिशोब मांडा

पुण्यातून १४ जानेवारीला निघून न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचं आहे, असं धरू. पुणे ते मुंबईचं टर्मिनल २ हे अंतर दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन तास, पण घाटातली कोंडी आणि मुंबईतली संध्याकाळ धरून चार तास ठेवा. शुक्रवार-शनिवार असेल, किंवा पावसाळा, तर पाच.

संध्याकाळी ६:०० घर सोडलं.
रात्री १०:०० टर्मिनलवर. चेक-इनचा काउंटर उड्डाणाच्या किमान एक तास आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी. अमेरिकेच्या विमानाला दाराशी पुन्हा तपासणी होऊ शकते. चार तास हे जास्त नाहीत.
पहाटे २:०० उड्डाण.
सकाळी ७:०० न्यूयॉर्क, साडेपंधरा तासांनी.
इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स मिळून दोन तास.
सकाळी ९:०० बाहेर, एडिसनच्या घरी १०:३० ला.

घड्याळात साडेसोळा तास दिसतात. त्यात साडेदहा मिळवले की सत्तावीस. त्या वेळी पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. सत्तावीस तासांतले साडेपंधरा विमानाचे आणि साडेअकरा जमिनीवरचे. जमिनीवरच्या तासांचं नियोजन आपल्या हातात असतं, म्हणून जास्त लक्ष तिथे द्यायला हवं.

विमानतळ निवडतानाही हेच पाहा. न्यूयॉर्कसाठी जेएफके आणि नेवार्क असे दोन मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. हवेतून त्यांच्यात ३३ किलोमीटरचं अंतर आहे, उड्डाणाला काही फरक पडत नाही. पण नेवार्कहून एडिसन ३५ किलोमीटरच्या आत-बाहेर, अर्धा-पाऊण तास. जेएफकेहून जवळपास दुप्पट, आणि मध्ये न्यूयॉर्कची रहदारी. न्यू जर्सीत जाणाऱ्यांनी नेवार्क, क्वीन्स किंवा लाँग आयलंडला जाणाऱ्यांनी जेएफके. नेवार्क विमानतळाच्या रेल्वे स्थानकावरून मेट्रोपार्क आणि एडिसनला न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाड्या जातात, पण प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा घेऊन त्या वाटेला जाऊ नका.

मुंबईकडेही आता दोन विमानतळ आहेत. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर जुना मुंबई विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. नागपूरहून एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं असेल तर मध्ये मुंबईची रहदारी ओलांडावी लागते. असं तिकीट टाळा, नाहीतर मध्ये सहा तास ठेवा.

दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीतलं पहाटेचं धुकं हिशोबात धरावं. त्या दिवसांत सकाळी दिल्लीला उतरून दुपारी पुढे जाण्यापेक्षा आदल्या संध्याकाळीच दिल्ली गाठलेली बरी. न्यूयॉर्ककडे जानेवारी-फेब्रुवारीत हिमवादळाची अडचण असते. उड्डाणाआधी पंखांवरचा बर्फ काढायलाच अर्धा-एक तास जाऊ शकतो.

औषधं, झोप आणि परतीचे दिवस

औषधांचा हिशोब भिंतीवरच्या घड्याळावर नको, तासांवर करा. पुण्यात रोज सकाळी ८ ला घेतली जाणारी गोळी म्हणजे न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात रात्रीची ९:३०, उन्हाळ्यात १०:३०. रोज एकदाची बहुतेक औषधं त्याच वेळेला चालू ठेवता येतात. सकाळवर आणायची असतील तर डॉक्टरांकडून सरकवण्याचं वेळापत्रक लिहून घ्या. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत हे निघण्याआधी विचारलंच पाहिजे. सगळी औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. मेतकूट, मसाले, सातूचं पीठ अशा पुडी मात्र मोठ्या बॅगेत टाका. ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हातात असली तर अमेरिकेच्या विमानाला जास्तीची तपासणी होते आणि रांगेतला वेळ वाढतो.

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तासाने सरकतं, म्हणून साडेदहा तासांचा फरक भरायला आठ-दहा दिवस लागणं स्वाभाविक आहे. पहिल्या आठवड्यात लग्न, परीक्षा, मुलाखत किंवा लांबचं गाडी चालवणं ठेवू नका. नातवाच्या मुंजीसाठी पुण्याला यायचं असेल तर किमान आठवडाभर आधी उतरा.

परतीला अमेरिकेतून निघताना वेगळं इमिग्रेशन नसतं, त्यामुळे विमानतळावर तीन तास पुरतात. तारीख मात्र एकाने पुढे जाते हे विसरू नका. शुक्रवारी सकाळी न्यूयॉर्क सोडलं तर मुंबईला शनिवारी दुपारी पोहोचता, आणि बाहेर पडून पुण्यात घरी यायला शनिवारची संध्याकाळ होते. गाडी ठरवताना चालकाला वार आणि तारीख दोन्ही सांगा.

निघण्याच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी पुन्हा पाहा: उड्डाणाची वेळ बदलली का, टर्मिनल तेच आहे का, आणि मध्ये घड्याळ बदलण्याचा रविवार येतो का. मग उड्डाण क्रमांक, उतरण्याची स्थानिक वेळ आणि तीच वेळ भारतात किती, हे कागदावर लिहून एक प्रत घरी राहणाऱ्याकडे आणि एक घ्यायला येणाऱ्याकडे द्या. प्रवाशाचा फोन सोळा तास बंद असतो, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना उड्डाण क्रमांकावरून विमान कुठवर आलं ते पाहता येतं.